एका घरात दोन वोटर कार्ड: जिवती सीमेवरच्या 14 गावांचं प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्याच्या पार दक्षिणेला जिवती तालुका आहे, माणिकगडच्या डोंगरात, आणि त्याच्या अगदी टोकाला मुकदमगुडा, परमडोली, परमडोली तांडा, कोठा, लेंडीजाळा, महाराजगुडा, शंकरलोधी, पद्मावती, अंतापूर, इंदिरानगर, येसापूर, भोलापठार, लेंडीगुडा, पळसगुडा अशी 14 गावं आहेत. काही जुनी गुडे (आदिवासी पाडे), काही तांडे, सगळी मिळून काही हजार माणसं. यातल्या बहुतेक घरांमध्ये मोठ्या माणसाच्या नावावर दोन वोटर कार्ड सापडतात. एक महाराष्ट्राचं, त्यावर राजुरा विधानसभा, म्हणजे चंद्रपूर लोकसभा. दुसरं तेलंगणाचं, त्यावर आसिफाबाद विधानसभा, म्हणजे आदिलाबाद लोकसभा. दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, मराठी शाळा वेगळी, तेलुगू शाळा वेगळी, रेशनचं दुकानही दोन सरकारांचं.

दर निवडणुकीला टीव्हीवाले येतात, कुणाच्या तरी हातात दोन कार्ड धरायला लावतात, "बघा, इथे लोक दोनदा मतदान करतात" असं सांगतात आणि निघून जातात. ते बघून दरवेळी चिडचिड होते कारण बातमीत गावकरी लबाड दिसतो आणि ज्या दोन सरकारांनी त्याला ही दोन कार्ड घरी आणून दिली ती फ्रेममध्येच नसतात. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून लिहितोय, नोंदणी कशी झाली, कायदा काय म्हणतो, बूथवर नेमकं काय घडतं आणि गाडी कुठे अडली आहे ते.

हे झालं कसं

राजुऱ्याचा सगळा भाग मुळात निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. 1956 ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा तालुका मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्याला जोडला आणि 1959 ला चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे दिला. तालुका इकडे आला पण डोंगरातली रेषा नक्की कुठून जाते हे जमिनीवर कुणी नीट आखलंच नाही. तेव्हा तिथे होती कोण, तर गोंड आणि कोलाम, आणि त्यांना रेषेचं काही पडलेलं नव्हतं. मग 1972 च्या दुष्काळात आणि त्याच्या आसपास मराठवाड्यातून लोक आले, नांदेड, परभणी, जालना भागातले, बंजारा, मातंग, बौद्ध, मराठा, सगळेच. डोंगर फोडून शेती केली, कापूस-तूर-ज्वारी लावली. गावात आजही बोलणं मराठी, बंजारा, गोंडी, बाजाराला गेलं की तेलुगू. आता लोकं वसली म्हटल्यावर दोन्ही राज्यांचे कर्मचारी आले. एकाने घरं मोजली, दुसऱ्यानेही मोजली. एकाने शाळा काढली, दुसऱ्यानेही काढली.

वाद वाढत गेला, समित्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि 1997 ला सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राची बाजू खरी ठरली. महाराष्ट्राच्या महसुली रेकॉर्डलाही ही गावं जिवतीचीच. पण आंध्र सरकारने तिथला कारभार काही आवरला नाही, 2014 ला तेलंगण वेगळं झालं तेव्हा हा कारभार जसाच्या तसा नव्या राज्याच्या पदरात पडला, आणि आपल्या सरकारनेही निकाल हातात असताना तिथे जाऊन जे करायचं ते केलं नाही. जमीन मोजून लोकांच्या नावावर करायला पाहिजे होती ती केली नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे, मतदार यादीत नाही, पण गाठ दिसते मात्र मतदार यादीत.

आता नोंदणीचं तंत्र बघा. विधानसभा मतदारसंघाच्या हद्दी गावांच्या नावाने नाही, तालुका आणि मंडल (तेलंगणात तालुक्यासारखा भाग) यांच्या नावाने ठरतात. जिवती तालुका राजुरा मतदारसंघात. तेलंगणातलं केरामेरी मंडल आसिफाबाद मतदारसंघात. आता एकच गाव जिवतीच्या रेकॉर्डलाही आहे आणि केरामेरीच्याही, तिकडे परमडोली आणि अंतापूर अशा दोन ग्रामपंचायतीच आहेत, तर ते गाव आपोआप दोन्ही मतदारसंघांत जाऊन बसतं. कुणी खोटं केलं नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत, दोन्ही तहसीलच्या टेबलावर कागद बरोबरच आहे. राजुऱ्याचा बीएलओ, म्हणजे घरोघर मतदार नोंदवणारा कर्मचारी, घरी येतो, त्याच्या भागातलं घर म्हणून. आसिफाबादचा बीएलओ त्याच घरी येतो, त्याच्या भागातलं घर म्हणून. मुलगी 18 ची झाली की दोघंही नाव नोंदणीचा फॉर्म 6 भरून घेतात, आणि दोघंही आपापलं काम इमानदारीने करत असतात.

दोन्ही कार्ड का धरून ठेवतात

बाहेरचा माणूस म्हणतो, एक परत करून टाका की. त्या घरात बसून विचार केला तर ते इतकं सोपं नाही हे लगेच कळतं.

तिथलं एखादं साधं घर घ्या. म्हातारी आहे, तिचा मुलगा-सून, नातवंडं. म्हातारीला तेलंगणाची आसरा पेन्शन लागली असेल तर 2016 रुपये महिना, महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेचे 1500. तेलंगणाच्या रेशनवर माणशी 6 किलो तांदूळ, तो अनेक वर्षं रुपया किलोने मिळत होता. शेतीला तिकडे 2018 पासून रयतु बंधूचे एकरी पैसे सुरू झाले, पण त्याला पट्टा, म्हणजे जमीन नावावर असल्याचा कागद लागतो, आणि इथल्या कितीतरी लोकांच्या नावावर जमीनच नाही, ना इकडे सातबारा, ना तिकडे पासबुक. चाळीस-पन्नास वर्षं कसताहेत, पण कागदावर ती वनजमीन किंवा वादातली जमीन.

जातीच्या दाखल्याचं तर अजून अवघड. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये. म्हणजे एकाच आईबापाच्या पोराला कुठल्या सरकारच्या फॉर्मवर सही करतो त्यावर आरक्षण बदलणार. शिवाय महाराष्ट्रात विजाभजचा (विमुक्त जाती, भटक्या जमातींचा) दाखला काढायचा तर 1961 च्या आधीचा राहण्याचा पुरावा लागतो, आणि ही लोकं त्यानंतर इथे आलेली, पुरावा असलाच तर आजोबाच्या जुन्या गावच्या शाळेत, शेकडो किलोमीटर लांब नांदेड नाहीतर जालन्याकडे.

अशा ठिकाणी वोटर कार्ड हे मतासाठी कमी आणि "मी इथे राहतो" हे सांगायला जास्त लागतं. ज्याच्याकडे सातबारा नाही, घराचा उतारा नाही, त्याच्याकडे सरकारी शिक्का असलेला कागद म्हणून यादीतलं नावच असतं. उद्या जमिनीचे पट्टे वाटायला कोण आधी येईल, चंद्रपूर की आसिफाबाद, हे कुणालाच माहीत नाही. मग ज्या यादीतून नाव काढलं त्याच राज्याने पट्टे वाटले तर काय करायचं? हा प्रश्न लोभाचा नाही, घराच्या संरक्षणाचा आहे. लोक दोन्ही कार्ड प्लास्टिकच्या एकाच पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतात आणि त्यांनी तसंच करायला पाहिजे असं मला तरी वाटतं, जोपर्यंत दुसरा काही आधार त्यांना कुणी देत नाही तोपर्यंत.

कायद्यात काय आहे

1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 17 सरळ सांगतं की कुणाचंही नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांच्या यादीत असता कामा नये. कलम 18, एकाच मतदारसंघात दोनदा नको. नाव घालण्यासाठी कलम 19, वय 18 आणि त्या मतदारसंघात सामान्यतः रहिवासी असणं, आणि रहिवासी म्हणजे काय ते कलम 20 मध्ये, तिथे स्पष्ट लिहिलंय की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी रहिवासी होत नाही, आणि कामासाठी तात्पुरतं बाहेर गेला म्हणून रहिवास तुटत नाही. कलम 31 मध्ये खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

आणि फॉर्म 6 वर छापलेलंच असतं की माझं नाव दुसरीकडे कुठल्या यादीत नाही. आता हा फॉर्म डोंगरातल्या तांड्यावर बीएलओ भरतो किंवा अंगणवाडीताई भरतात, माणूस अंगठा लावतो नाहीतर सही करतो, छापील मजकूर कोण वाचून दाखवतं! कायद्याने बघायला गेलं तर गावातल्या निम्म्याअधिक लोकांवर केस होऊ शकते, आणि हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं, की सरकारने स्वतः आणून दिलेल्या कागदावर सही केली म्हणून माणूस गुन्हेगार ठरू शकतो.

एक बारीक मुद्दा लक्षात घ्या, तो सहसा कुणी सांगत नाही. दोनदा मतदानाचा नियम 1951 च्या कायद्यात कलम 62 मध्ये आहे: एकाच सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या एकापेक्षा जास्त मतदारसंघांत मत द्यायचं नाही, दिलं तर सगळीकडची मतं बाद. लोकसभेला हे थेट लागू होतं, कारण चंद्रपूर आणि आदिलाबाद एकाच निवडणुकीचे भाग. पण विधानसभेला तेलंगणाची निवडणूक 30 नोव्हेंबर 2023 ला झाली आणि महाराष्ट्राची 20 नोव्हेंबर 2024 ला, दोन वेगळ्या विधानसभा, दोन वेगळ्या निवडणुका. तिथे मुख्य अडचण मताची नसून दोन याद्यांत नाव असण्याची आहे. टीव्हीवर हे दोन्ही एकच समजून बोलतात आणि लोकं अजून गोंधळतात.

मतदानाचा दिवस

तारखा बघितल्या की चित्र दिसतं. 2009 ला चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडे 16 एप्रिललाच मतदान होतं. 2014 ला चंद्रपूर 10 एप्रिल, आदिलाबाद 30 एप्रिल. 2019 ला परत एकाच दिवशी, 11 एप्रिल. 2024 ला चंद्रपूर पहिल्या टप्प्यात 19 एप्रिलला आणि आदिलाबाद चौथ्या टप्प्यात 13 मे ला. म्हणजे निवडणूक आयोगाने तारखा एकत्र ठेवल्या की प्रश्न निम्मा होतो, वेगळ्या ठेवल्या की माणसाच्या समोर दुसरी संधी येतेच, आणि मागे उमेदवार असतात, गाड्या असतात, "तुमचं नाव आहे ना यादीत, चला" म्हणणारे असतात.

आता बूथवर काय होतं ते जरा जवळून बघू, कारण सगळे म्हणतात "अधिकाऱ्यांनी थांबवायला पाहिजे". माणूस आत येतो, पहिला अधिकारी यादीतलं नाव वाचतो, ओळखपत्र बघतो. बूथवर बसलेल्या पोलिंग एजंटला, म्हणजे उमेदवाराच्या माणसाला, शंका आली तर तो 2 रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो, पण तो आक्षेप फक्त ओळखीवर, म्हणजे हा माणूस तोच आहे का एवढ्यावरच. याचं नाव दुसऱ्या राज्यातही आहे म्हणून याला मत देऊ देऊ नका, असा आक्षेप बूथवर चालत नाही. यादी अंतिम झाली की केंद्राध्यक्षाने यादीवर शंका घ्यायची नसते. त्याच्या हातात उरतं ते एकच, डाव्या हाताची तर्जनी. निवडणूक संचालन नियमांत आहे की बोट तपासायचं, आणि त्यावर आधीच शाईची खूण असेल तर मत देऊ द्यायचं नाही.

ही शाई म्हैसूरची, 1962 पासून देशभर तीच वापरतात, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरची खूण थोड्या दिवसांत जाते पण नखावर आणि नखाच्या मुळाशी लागलेली घासून जात नाही, नख वाढून पुढे सरकेल तेव्हाच ती जाते. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. 19 एप्रिल ते 13 मे हे 24 दिवस, म्हणजे नीट लावलेली शाई तोपर्यंत फार तर दोन-अडीच मिलिमीटर पुढे सरकली असेल, नखावर स्वच्छ दिसली पाहिजे. पण शाई घाईत लावली, नखाच्या टोकाला लागली, मुळाशी लागलीच नाही, आणि बाई रोज शेतात निंदायला जाणारी, चुलीवर राखेने भांडी घासणारी, की 24 दिवसांत पुसट रेघ राहते आणि दुसऱ्या राज्याचा थकलेला अधिकारी दुपारी चार वाजता, रांग लागलेली असताना, ती बघतो का? दोन राज्यांच्या मधला सगळा बंदोबस्त त्या एका रेघेवर उभा आहे. बूथवर ड्युटी लागणाऱ्या प्रत्येकाला म्हणून सांगावंसं वाटतं, काडी नखाच्या मुळापर्यंत ओढा, वरवर टेकवू नका.

2024 ला दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने आपसात बोलून गावकऱ्यांना सांगितलं की एकदाच मत द्यायचं. चांगलं केलं, आधी तेवढंही होत नव्हतं. पण सांगणं वेगळं आणि यादी दुरुस्त करणं वेगळं, निवडणूक संपली की दोन्ही याद्या जशाच्या तशा राहिल्या.

यादी का दुरुस्त होत नाही

कागदावर उपाय आहे. माणसाने स्वतः फॉर्म 7 भरून एका यादीतून नाव कमी करायचं. किंवा नोंदणी अधिकाऱ्याने कलम 22 खाली स्वतःहून काढायचं, पण त्याआधी त्या माणसाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायचं, हे बंधनकारक आहे. 2022 पासून फॉर्म 6 फक्त नव्या मतदारासाठी आहे, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8, आणि त्यात जुन्या ठिकाणचं नाव कमी व्हायची सोय आहे.

पण इथे पत्ता बदललाच नाही ना! माणूस त्याच घरात आहे, त्याच खाटेवर झोपतो, बदललं ते राज्य, आणि तेही नाही बदललं, दोन्ही एकाच वेळी आहेत. फॉर्म 8 मध्ये हे लिहायला रकाना नाही. राजुऱ्याचा अधिकारी म्हणणार हा माणूस खरोखर इथे राहतो, मी का काढू, तिकडच्यांनी काढावा. आसिफाबादचा अधिकारी तेच म्हणणार. आणि दोघंही बरोबर, कारण कायदा धरूनच चालतो की एक घर एकाच मतदारसंघात असतं.

कॉम्प्युटरने डबल नावं शोधायचं म्हटलं तर तीही पंचाईत. आयोगाच्या सिस्टीममध्ये सारखी नावं, सारखे फोटो शोधायची सोय आहे, पण इकडची यादी मराठीत, तिकडची तेलुगूत, इंग्रजी स्पेलिंग दोन वेगळ्या ऑपरेटरांनी मारलेलं, राठोडचं स्पेलिंग दोन प्रकारे, जन्मतारीख एकीकडे शाळेच्या दाखल्यावरून आणि दुसरीकडे अंदाजाने, नवऱ्याचं नाव एकीकडे आणि बापाचं दुसरीकडे. मशीनला ती दोन माणसं दिसतात. हे काम गावात बसून, दोन्ही बीएलओ समोरासमोर, दोन्ही याद्या एका ओट्यावर उघडून, घर क्रमांकाने जुळवल्याशिवाय होणार नाही. काही हजार माणसांचं काम आहे, डोंगराएवढं नाही, दोन तहसीलदारांनी मनावर घेतलं तर एका उन्हाळ्यात उरकेल.

ग्रामपंचायतीचा पण विचार करा, कारण लोकसभेपेक्षा तिथे जास्त झळ बसते. राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन वॉर्डात फोडतो. म्हणजे तेच दुहेरी नाव ग्रामपंचायतीतही उतरतं. एकच माणूस दोन सरपंच निवडतो, पाण्याची टाकी एक सरपंच बांधतो, रस्ता दुसरा करतो, आणि काही बिघडलं की दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. ग्रामसभा कुणाची खरी? घरकुलाचा ठराव कुठल्या ग्रामसभेने करायचा? वनहक्काचा दावा कुठल्या ग्रामसभेकडे द्यायचा? हे प्रश्न रोजचे आहेत, पाच वर्षांतून एकदाचे नाहीत.

देशात असं हे एकटंच नाही. ओडिशा आणि आंध्रच्या मध्ये कोटिया म्हणून गावांचा गट आहे, कोरापुट जिल्ह्याला लागून, तिथेही दोन्ही राज्यांच्या याद्या चालतात. फेब्रुवारी 2021 ला आंध्रने तिथे पंचायत निवडणूक घेतली आणि ओडिशा सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही गावकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न मागेच राहिला आणि भांडण झालं ते सरकारांचं.

आता पुढे काय येतंय

जुलै 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ही 14 गावं महाराष्ट्रात समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू केल्याचं जाहीर केलं. गावं महाराष्ट्राची आहेत हे मला मान्य आहे, कोर्टात ठरलंय, महसुली रेकॉर्डला आहेत, बहुतेक लोक मराठी बोलतात. पण समावेश म्हणजे नुसता जीआर काढून फोटो काढणं असेल तर मतदार यादीत काहीही हलणार नाही. केरामेरीचा बीएलओ त्याच्या यादीतली नावं घेऊन येतच राहील.

त्याहून मोठी काळजी दुसरी आहे. 2025 ला बिहारमध्ये मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, लोकांनी त्याला एसआयआर म्हणून ओळखलं, 30 सप्टेंबरला तिथली अंतिम यादी आली आणि मग नोव्हेंबरपासून आणखी 12 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत ते सुरू झालं, गोव्यातही. त्याची पद्धत अशी की बीएलओ घरोघर गणना फॉर्म देतो, मतदाराने तो भरून सही करून द्यायचा, नाही दिला तर मसुदा यादीत नाव येत नाही, आणि एकच माणूस दोन ठिकाणी फॉर्म भरू शकत नाही. हे काम या दोन राज्यांत त्या डोंगरात पोचेल तेव्हा काय होईल ते डोळ्यासमोर आणा. एकाच घरात दोन बीएलओ दोन फॉर्म घेऊन येणार. दोन्हीवर सही केली तर गुन्हा. एकावर केली तर दुसऱ्या राज्यातून नाव गेलं, आणि त्याच्यामागून कदाचित पेन्शन, रेशन, पट्ट्याची आशा. कुठल्याच फॉर्मवर नीट सही झाली नाही, माणूस तेव्हा कापूस वेचायला बाहेर गेलेला असेल, तर दोन्हीकडून नाव गेलं. दोन कार्डवाला माणूस एका झटक्यात बिनकार्डाचा होऊ शकतो, आणि तेव्हा कॅमेरा घेऊन कुणी येणार नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे. आधी जमिनीची मोजणी आणि पट्टे किंवा वनहक्क, जे लागू असेल ते. जातीच्या दाखल्यासाठी या 14 गावांपुरती पुराव्याची अट सरकारने विचारात घ्यावी, कारण इथल्या लोकांनी राज्य बदललं नाही, राज्यांनी हद्द नीट ठरवली नाही. पेन्शन-रेशन ज्याला जे मिळतंय ते महाराष्ट्राच्या योजनेत वळवेपर्यंत तोडू नये, दोन्ही सरकारांनी तसं लेखी ठरवावं. आणि त्यानंतर दोन्ही नोंदणी अधिकाऱ्यांनी एका ठरलेल्या दिवशी गावात एकत्र बसावं, प्रत्येकाचं नाव वाचावं, आणि तेलंगणाच्या यादीतून नाव कमी करायचा फॉर्म 7 तिथेच भरून पोचपावती द्यावी. आधी नाव काढायचं आणि बाकीचं नंतर बघू, असं केलं तर लोक फॉर्म 7 भरणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तोपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून आयोगाने लोकसभेला चंद्रपूर आणि आदिलाबाद एकाच टप्प्यात ठेवावं, 2009 ला आणि 2019 ला ते झालं होतंच, त्यासाठी नवीन कायदा लागत नाही.

तिथे काम करणाऱ्या किंवा तिथले नातेवाईक असणाऱ्यांसाठी आत्ताच करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी लिहून ठेवतो. 18 होणाऱ्या पोरांचं नाव एकाच यादीत घाला, नोंदणीच्या आता वर्षाला चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, त्यामुळे घाई करून दोन्हीकडे फॉर्म देण्याची गरज नाही, आणि फॉर्म 6 वर सही करण्याआधी छापलेला मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवा. दोन्ही कार्डांचे नंबर, यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका वहीत लिहून ठेवा, नाव कुठून गेलं ते कळायला तेच लागतात, नाहीतर 1950 वर फोन करून विचारलं तरी नंबराशिवाय शोधाशोध होते. नाव काढल्याची नोटीस आली तर ती घेऊन ठेवा, परत पाठवू नका, सुनावणीला जा. आणि सुनावणीनंतरही नाव काढलंच तर जिल्हाधिकाऱ्यांकडे 15 दिवसांत अपील करता येतं, तिथे नाही जमलं तर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, साध्या कागदावर अर्ज लिहून, ज्या आदेशाविरुद्ध अपील आहे त्याची प्रत जोडून.